गिरिराजाच्या बाजूची खिडकी

मुंबईहून पालिताण्याच्या यात्रेला निघालेली काही कुटुंबे भावनगरपर्यंत विमानाने जातात. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 300 किलोमीटर आहे. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालावा लागतो, म्हणून ते जवळपास दुप्पट होते. तासाभराच्या या प्रवासात कोणत्या खिडकीशी बसावे, याचा विचार सहसा होत नाही. मिळतील ती आसने घेतली जातात आणि खिडकी मुलांच्या वाट्याला जाते.

वास्तविक या मार्गावर दोन्ही बाजू सारख्या नाहीत. विमान उत्तरेकडे जात असल्याने सौराष्ट्राची भूमी डाव्या हाताला येते. म्हणून जाताना डावीकडचे, म्हणजे 'ए' अक्षराचे आसन घ्यावे आणि परतताना उजवीकडचे. जेट विमानात पंख खाली असल्याने मधल्या रांगांतून जमीन झाकली जाते. तेथे अगदी पुढची किंवा मागची रांग बरी. पंख्यांच्या लहान एटीआर विमानात पंख खिडक्यांच्या वर असतो, त्यामुळे खालचा प्रदेश मोकळा दिसतो. सकाळच्या उड्डाणात सूर्य उजवीकडे राहतो आणि डावीकडची जमीन उजळलेली असते.

आधी आखाताचे मातकट पाणी दिसते. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती यांचा गाळ येथील प्रचंड भरती-ओहोटी सतत घुसळीत असते. मग किनारा जवळ येतो. शेत्रुंजी नदी समुद्राला मिळते ते मुख, त्यापासून थोड्या अंतरावर तळाजाची मंदिरांची टेकडी आणि पुढे अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी ओढून आणलेली जहाजे. हवा स्वच्छ असेल, तर नदीचा माग धरून नजर आत न्यावी. धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो आणि त्याच्या जवळच शत्रुंजयाचा डोंगर. एवढ्या अंतरावरून मंदिरे वेगळी ओळखू येतीलच असे नाही. पुष्कळदा डोंगराची निळसर रेघच दिसते.

ही रेघ कोणासाठी मोलाची, याचा विचार आसन ठरविताना व्हावा. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या ज्यांनी तरुणपणी अनेकदा चढल्या, कोणी नव्वाणू यात्राही केली, त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. डोलीची सोय आहे. पण प्रकृतीमुळे कित्येकांना तीही झेपत नाही. कुटुंब वर जाते आणि आजी धर्मशाळेत थांबते.

चातुर्मासात बंद असलेली यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते, तेव्हा पावसाळी ढगही सरलेले असतात. त्या दिवसांत निघणाऱ्या कुटुंबाने डावी खिडकी आजीसाठी राखावी. शेजारी नातवाला बसवावे. तो नदी दाखवील, डोंगर ती ओळखील. आदीश्वर दादांना तेथूनच हात जोडले जातील आणि पायऱ्या न चढताही तिची भावयात्रा सुरू झालेली असेल.