मासा म्हणावा कीं न म्हणावा?

भाषा एखाद्या प्राण्यास एकदां नांव देऊन बसली, कीं तें पुसून काढणें शास्त्रज्ञांच्याही हातीं राहत नाहीं. देवमाशाचेंच पाहा. १७५८ सालीं लिनीअसनें त्याला सस्तन प्राण्यांच्या पंक्तीला बसविलें. तरी १८१८ सालीं न्यूयॉर्क येथें माशांच्या तेलाच्या तपासणीवरून खटला उभा राहिला, तेव्हां 'देवमासा हा मासा नव्हे' अशी एका विद्वानाची साक्ष होऊनही ज्यूरीनें त्याला मासाच ठरविलें! आम्ही मराठी माणसें तर त्याच्या नांवांतच मासा घालून मोकळे झालों आहों.

त्याचा धाकटा भाऊबंद डॉल्फिन. तो फुफ्फुसांनीं श्वास घेतो व पिलांस दूध पाजतो, हें ॲरिस्टॉटलनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें. कोळी कधीं कधीं पकडलेल्या डॉल्फिनच्या शेपटीस खांच पाडून त्याला पुन्हां सोडतात व त्यावरून त्याचें वय ताडतात, हेंही त्यानें नोंदलें आहे. प्राणिशास्त्राचे आमचे सहकारी रागावोत. पण ही युक्ति आम्हांस त्यांच्या उपकरणांहून अधिक आवडते.

नांव चुकलें म्हणून बिघडलें काय, असें कोणी विचारील. पुष्कळ बिघडतें. दापोलीजवळच्या मुरुडास हल्ली होडींतून डॉल्फिन दाखवितात. गेल्या हिवाळ्यांत आम्हीही गेलों होतों. पाण्यावर पाठ दिसतांच एक गृहस्थ ओरडले, "केवढा मासा! कसा खेळतो आहे पाहा!" होडीवाल्यानें एंजिन वाढविलें, आणखी दोन होड्या तिकडेच वळल्या. खेळ कसला! तो श्वास घेण्यास वर आला होता. मासा असता तर कल्ल्यांच्या जोरावर तळाशीं दडी मारून बसता. ह्याला तें सुख नाहीं. कांहीं मिनिटांत वर यावेंच लागतें, मग वर कोणी कां उभें असेना. शिवाय गढूळ पाण्यांत हा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधतो. एंजिनाचा गोंगाट म्हणजे त्याच्या डोळ्यांत धूरच.

आम्ही एंजिन बंद करण्यास सांगितलें.

"साहेब, डॉल्फिन दिसला नाहीं तर मंडळी पैसे परत मागतील," होडीवाला म्हणाला. तरी त्यानें बंद केलें.

बराच वेळ कांहींच दिसलें नाहीं. मग उजव्या अंगाला 'फुस्' असा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ दुसरा, अगदीं बारीक. आईला चिकटून पिलूं चाललें होतें.