होडीवाल्यांच्या हातची स्पोर्ट्स कार

लोखंडाला भाव असतो, पितळेला असतो, रद्दीला तर असतोच असतो. फायबरग्लासला मात्र शून्य! काचेच्या धाग्यांत मुरवलेलं रेझिन एकदा कडक झालं, की ते पुन्हा वितळत नाही. त्यामुळे भंगाराच्या दुनियेत त्याला कुणी विचारत नाही. आमच्या मालवणच्या घरी आलेल्या भंगारवाल्यानेही बाबांच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर टकटक केलं आणि सांगून टाकलं, ''इंजिन नि खालचं लोखंड घेतो. वरचं तुमचं तुम्ही बघा.''

वरचं म्हणजे काय, तर गाडीच की हो!

ही गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. बंगळुरूची 'सॅन' ही मूळची रेल्वे इंजिनं बनवणारी कंपनी. तिच्या सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या शेवटी ही गाडी बाजारात आणली. तयार व्हायची आपल्या शेजारी, गोव्यात. दोनच सीट, उघडता येणारं कापडी छप्पर, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन आणि ताकद जेमतेम ६० हॉर्सपॉवर. फेरारीवाले हसतील, हसू देत. ज्या काळात गाडी म्हणजे चार दारं, मागे दोन मुलं आणि डिकीत आंब्याची पेटी असं समीकरण होतं, त्या काळात हे धाडसच होतं. गाड्या थोड्याच बनल्या आणि पुढे उत्पादन थांबलं.

बाबा बँकेत अधिकारी. आयुष्यभर रिकरिंग आणि एफडी. अशा माणसाने २००७ साली मडगावहून सेकंडहँड पिवळी स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा अख्ख्या आळीने आईचं सांत्वन केलं होतं! रविवारी छप्पर उघडून ते देवबागपर्यंत जायचे. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून आमची पिवळी गाडी.

२०१५ मध्ये बाबा गेले. गाडी मागच्या पडवीला लागून असलेल्या शेडमध्ये गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात फणसाची फांदी शेडवर आली आणि गाडीचा पुढचा डावा कोपरा फुटला. स्टॉर्मला वादळानेच गाठलं, असा जोक मी तेव्हा ऑफिसात केला होता. हसू कुणालाच आलं नाही, मलाही नाही.

आईचं म्हणणं स्पष्ट होतं, ''काढून टाक. रोज सकाळी चहा घेताना ती समोर दिसते. मला नाही बघवत.'' माझं म्हणणंही स्पष्ट होतं, पण त्याला पुण्यातल्या फ्लॅटचा ईएमआय आडवा येत होता. शेवटी तह झाला. पुढच्या मे महिन्यापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आली तर राहील, नाही तर जाईल. हे २०२३ सालचं.

पुण्यातल्या दोन गॅरेजवाल्यांनी फोटो बघूनच हात वर केले. पत्र्याची गाडी ठोकून सरळ करता येते, फायबरला हातोडी चालत नाही. पार्ट मागवावा तर मिळणार कुठून? मग आठवले मामा.

आमचे मामा दांडीला फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. आजोबा लाकडी होड्यांचे सुतार. किनाऱ्यावर फायबर आलं तसं लाकडाचं काम कमी होत गेलं. मामांनी करवत ठेवली आणि रोलर उचलला. त्यांनी गाडीच्या फुटक्या कोपऱ्यात हात घालून आतून बोटं फिरवली आणि म्हणाले, ''अगो बाय, ही तर होडीच मगे! फक्त चाकां लावलेली.''

मला वाटलं, मामा गंमत करताहेत. नंतर वाचायला घेतलं, तर अमेरिकेतली गोष्ट हीच निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा एक माणूस फायबरग्लासच्या होड्या बनवायचा. हवाई दलातल्या केन ब्रूक्स या मेजरला आपल्या जीपच्या चॅसीवर एखादी देखणी बॉडी हवी होती. ट्रिटने होडी बनवतात तशीच ती बनवली, साच्यात मॅट आणि रेझिन घालून. १९५१ ची ही 'ब्रूक्स बॉक्सर'. त्यातूनच ट्रिटच्या ग्लासपार कंपनीची 'जी २' ही स्पोर्ट्स बॉडी आली. पत्रा दाबायला अवाढव्य प्रेस आणि महागड्या डाय लागतात. फायबरला साचा, ब्रश आणि हात पुरतात. म्हणून शेडमधली चार माणसंही गाडी काढू शकली. मग मोठ्यांनाही हे पटलं. १९५३ मध्ये जनरल मोटर्सने पहिल्या ३०० कॉर्व्हेट फायबरमध्ये बनवल्या. १९५४ च्या कायझर डॅरिनची दारं पुढच्या फेंडरमध्ये सरकत जायची. तिच्या बॉडीज ग्लासपारनेच बनवल्या, आणि तशा गाड्या फक्त ४३५ निघाल्या. आज त्यांतली एखादी नीट रिस्टोअर होऊन आली, की तिकडचे शौकीन तिच्याभोवती गर्दी करतात.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ''मगे? माका काय नवीन सांगतंस?''

पण काम लगेच सुरू झालं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि प्रत्येकाला आपली होडी सीझनच्या आधी हवी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत मामांना श्वास घ्यायला सवड नसते. शिवाय पावसाळी हवेत ओल धरली, की रेझिन नीट बसत नाही. तेव्हा दिवाळीनंतर.

तोवर आम्ही बॉडी उतरवली आणि खरी बातमी कळली. फायबर गंजत नाही, पण खालची चॅसी लोखंडाचीच! खाऱ्या हवेने ती आतून पोखरली होती. वरून गाडी शाबूत, हाडं गेलेली. कुडाळच्या वेल्डरने ती भरून दिली. इंजिनच्या गॅस्केट आणि सील रेनो क्लिओच्या नावाने मावसभावाने लंडनहून आणल्या, कारण हेच इंजिन त्या गाडीतही होतं. ही युक्ती कुडाळच्या मेकॅनिकची, पगार त्याला जास्त द्यायला हवा.

डिसेंबरात मामांनी गाडी हातात घेतली. मी सुट्टी टाकून हेल्परची नोकरी धरली. पहिला धडा असा, की चीर बुजवायची नाही, आधी ती उघडायची. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी उतार देत फायबर घासायचं, म्हणजे नव्या मॅटला धरायला जागा मिळते. वरून पुट्टी भरली तर गाडी फोटोपुरती छान दिसते आणि पहिल्या खड्ड्याला चीर परत येते. दुसरा धडा रसायनांचा. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट, ते पूर्ण मिसळल्यावरच हार्डनर. ही दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडू शकतो. मिश्रण वाटीभरच करायचं, कारण उन्हात ते बघता बघता घट्ट होतं. रोलर फिरवून हवेचा प्रत्येक बुडबुडा बाहेर काढायचा. राहिला, तर तिथेच पुढची चीर.

मामा इतकी वर्षं तोंडाला गमछा बांधून त्या वासात काम करताहेत. मी पुण्याहून फिल्टरचे मास्क नेले. पहिल्या दिवशी थट्टा झाली. चौथ्या दिवशी मामांनी स्वतःहून मागून घेतला.

आता फुटका कोपरा. उजवीकडून साचा काढला तर तो उलटा येणार, डावा हवा तर दुसरी स्टॉर्मच हवी. मेकॅनिक मंडळींच्या ओळखीतून मडगावात एक सापडली. मालक भला माणूस, पण आपल्या लाडक्या गाडीवर कुणी परका रेझिन ओतणार म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला! मामांनी आधी मेणाचे कोट चढवले, एकावर एक, घाई न करता. मग जेलकोट, मग मॅट. दुसऱ्या दिवशी साचा टप्पकन सुटून हातात आला. खाली त्याचा पेंट पहिल्यासारखाच चमकत होता. मालकाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

रंगाच्या वेळी मी मॉडर्न ग्रे सुचवला. इतके दिवस शेडकडे न फिरकलेली आई दारात येऊन एवढंच म्हणाली, ''रंग तोच ठेव.'' मग पिवळाच लागला. २०२४ च्या एप्रिलमध्ये गाडी स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आली, मुदतीच्या आत.

एकूण खर्च साडेतीन लाखांच्या घरात गेला. त्या पैशात बरी सेकंडहँड हॅचबॅक आली असती, हे मला तीन मित्रांनी एक्सेल शीट काढून दाखवलंय. हिशोब बरोबर आहे त्यांचा. पण त्या शीटमध्ये मामांच्या हातांसाठी कॉलम नाही. शोरूम संपले, कंपनी थांबली, पार्ट गेले आणि तरी गाडी उभी राहिली, कारण शंभर पावलांवर हे मटेरियल ओळखणारा माणूस होता. असे हात आता कमी होत चाललेत. मामेभाऊ गोव्यात हॉटेलात आहे, पगार वेळेवर, वास नाही, खाज नाही. त्याला नावं ठेवायचा मला काय अधिकार? मी स्वतः लॅपटॉपवर जगते.

फक्त आता सुट्टी मिळाली, की मी बीचवर न जाता मामांच्या शेडमध्ये जाते. मॅट कापता येते, रोलर बऱ्यापैकी चालतो, बुडबुडे अजून राहतात. मडगावचा तो साचा होड्यांच्या साच्यांशेजारी खुंटीला टांगलाय. तुमच्या ओळखीत कुणाची स्टॉर्म डाव्या कोपऱ्याने फुटली असेल, तर दांडीला या. मात्र नारळी पौर्णिमेनंतर. त्याआधी मामा फोनसुद्धा उचलत नाहीत.