सोपा की सोफा?

आमच्या घराचा पुढचा सोपा पाडायचा असं गेल्या दिवाळीत ठरलं, तेव्हा घरात दोघीच गप्प होत्या. एक माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, आणि दुसरी मी. आत्याबाईंना ते पटत नव्हतं म्हणून त्या गप्प. मला ते आतून हवंच होतं, म्हणून मी गप्प!

वाचकहो, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? थोरल्या मुलाचं लग्न काढायचं होतं. पाहुणे घर बघायला येणार. शेजारी स्लॅब पडला, पुढे हॉल झाला, सोफासेट आला, काचेचं शोकेस आलं. आमचा आपला तोच सोपा. चार सागवानी खांब, मातीच्या रुंद भिंती, कोनाडे, खुंट्या आणि कडेला शेंगांची पोती. उसाचं बिल आलं होतं. कमी पडेल ते कर्ज काढायचं, असा बेत झाला. सोफा मात्र मुंबईचाच हवा, हा हट्ट माझा. मुंबई म्हणजे झगमगाट, सिनेमातले दिवाणखाने. तिथला सोफा बघून पाहुण्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे!

मुलाला घेऊन मी दादरला वन्संच्या घरी उतरले. थोरल्या नणंदेला शिवाजी पार्कच्या बाजूला देऊन चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी मुंबईला गेले ती लग्नामुंजीला. कार्यालयातूनच परतीची गाडी धरायची. घर असं निवांत कधी बघितलंच नव्हतं. मनात म्हटलं, आता बघू मुंबईचा थाट.

आत पाऊल टाकलं आणि थाट काही कुठे दिसेना! बाहेरची खोली आमच्या सोप्याएवढीच. खाली मोझाईकची गार फरशी, तिला कडेनं हिरवी पट्टी. एक शिसवी दिवाण, दोन वेताच्या खुर्च्या, पितळी कड्यांचा झोपाळा. भिंतीवर एकच तसबीर. मधली जागा सगळी मोकळी. सोनेरी काही नाही, छताला रंगीत दिवे नाहीत. पण झोपाळ्यावर टेकले आणि पाच मिनिटांत प्रवासाचा शीण उतरला. पश्चिमेच्या खिडकीतून समुद्राचा वारा आत येत होता आणि समोरच्या दारानं बाहेर जात होता.

न राहवून मी विचारलं, “वन्सं, दोघांची पेन्शन आहे, मग हॉल सजवला का नाही?”

त्या हसल्या. “अगं, सजवलेलाच आहे की! सासऱ्यांनी लावली तशी ठेवलीय खोली. फक्त नको ते आणलं नाही.”

रात्री त्यांच्या यजमानांनी सगळी हकिगत सांगितली. मुंबईत समुद्र हटवून नवी जमीन केली आणि १९३० नंतर तिच्यावर मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. सिमेंट-काँक्रीटचं बांधकाम तेव्हा नवं होतं. आर्ट डेको नावाची घरं बांधण्याची तऱ्हा युरोपातून आली होती. आपल्याकडच्या वास्तुशिल्पकारांनी ती इथल्या हवेला बेतून घेतली. गोलाकार गॅलऱ्या केल्या. खिडकीवर डोळ्यावरच्या भुवईसारखे छज्जे काढले. पाऊस आत येऊ नये, दुपारचं ऊन अडावं, पण वारा मात्र अडू नये. तीच तऱ्हा पुढे दादर-माटुंग्यापर्यंत पोचली. अमेरिकेतलं मायामी बीच हे शहरही असंच भपक्यासाठी गाजलेलं, पण तिथेही अशा जुन्या घरांची अख्खी वस्ती जपून ठेवली आहे.

१९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ दाखवणारं प्रदर्शनसुद्धा भरलं होतं. घरातली खोली कशी लावावी, हे लोकांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे बघा, आपण ज्या शहराला नुसतं भपकेबाज म्हणतो, तिथली माणसं साधं आणि नेटकं कसं राहावं याचा विचार नव्वद वर्षांपूर्वी करत होती!

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला ओव्हल मैदानावर नेलं. एका हाताला हायकोर्टाच्या आणि विद्यापीठाच्या दगडी इमारती, दुसऱ्या हाताला ही गोल गॅलऱ्यांची घरं. या सगळ्याला २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला. गॅलरीत साड्या वाळत घातलेल्या होत्या. माणसं राहतात तिथे अजून.

तिथून सोफ्याच्या दुकानात गेलो. जांभळी मखमल, सोनेरी पाय, किंमत ६० हजार. मी बसले तर पाय जमिनीला टेकेनात. आणि एकदम मामंजींची आठवण झाली. एका सोयऱ्याच्या नव्या हॉलमध्ये ते उंबऱ्याशीच बसले होते. “धोतराला माती आहे रं,” म्हणाले. सगळ्यांनी वर बसा म्हटलं, पण ते उठले नाहीत. घरी येताना वाटेत म्हणाले, “पोरी, घर मोठं झालं, पण बसायला जागा नाही.” मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली. त्या दुकानात माझे डोळे भरून आले. सोफा न घेताच आम्ही परत फिरलो.

घरी येऊन मालकांना म्हटलं, सोपा पाडायचा नाही. गवंड्याला बोलावून आधी भिंती आणि लाकूड तपासून घेतलं. तुमच्या घराचंही ते पहिल्यांदा करा. तुळई कुजली असेल, भिंत फुगली असेल, तर हट्ट धरू नका. तिथे जिवाशी खेळ होतो. आमचं लाकूड धड निघालं. पश्चिमेला एक खिडकी पाडली, दाराच्या समोरासमोर, आणि तिच्यावर छज्जा काढला. खांब घासून त्यांना तेल पाजलं. खाली शहाबादी फरशी घातली. पोती मागच्या खोलीत गेली. कोनाड्यातले रिकामे डबे आणि जुनी कॅलेंडरं काढली. एक बाज, दोन वेताच्या खुर्च्या आणि खाली घोंगडं, एवढंच ठेवलं. सोफ्याला जे मोजणार होतो त्याच्या आतच सगळं झालं. कर्ज काढावं लागलं नाही.

मार्गशीर्षात पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी फेटा काढून खुंटीला अडकवला, खुर्ची सोडून घोंगड्यावर बसले आणि खांबाला पाठ टेकली. आत्याबाई समोरच शेंगा फोडत होत्या. बोलता बोलता पाहुण्यांनीही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

सोयरीक जुळायची तर दोन्हीकडच्या मनानं जुळेल, ते अजून व्हायचं आहे. पण त्या दिवशी आमच्या घरात कुणी उंबऱ्याशी बसलं नाही, एवढं मात्र खरं.