दिवसाच्या उजेडात

आमच्या घरात गाड्या पुष्कळ आल्या, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. द्वारकेजवळ अब्बांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, दोन कारागीर आणि एक कॉम्प्रेसर. त्या शेडमध्ये अब्बांनी चौतीस वर्षं लोकांच्या ठोकलेल्या गाड्या सरळ केल्या. शाळेतून आल्यावर आम्ही तिघं भावंडं तिथेच बसून पॉलिश पेपर पाण्यात बुडवून द्यायचो. अब्बांच्या कपड्यांना थिनरचा वास असायचा आणि तोच वास आम्हाला घराचा वाटायचा.

२०२३ साली आम्ही स्वतःसाठी नवी गाडी घ्यायचं ठरवलं, तेही हौस म्हणून नाही. अब्बांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा जुन्या नाशकातून मुंबई नाक्यापर्यंत रिक्षाने जायचं आणि चार तासांनी गळून गेलेल्या माणसाला पुन्हा रिक्षात बसवून आणायचं. येताना प्रत्येक खड्ड्याला अब्बा डोळे मिटून घ्यायचे. तक्रार मात्र कधी केली नाही.

व्याजाचं कर्ज अब्बांनी आयुष्यात घेतलं नव्हतं आणि आम्हालाही घेऊ दिलं नाही. आमच्यातला थोरला शाळामास्तर, धाकटा अंबडच्या एमआयडीसीत सुपरवायझर, आणि आपा मालेगावला शिवणाचे क्लास घेते. तिघांनी चार वर्षं भिशीत पैसे टाकले. गॅरेजच्या जागेची पागडी आली, ती त्यात घातली. असे जमले ९ लाख ४० हजार. एवढी रक्कम आम्ही एकदम कुणाच्या हातात कधीच दिली नव्हती. शोरूमच्या खात्यावर पैसे भरले, त्या रात्री अम्मीने शुक्राने के दो रकात पढल्या.

डिलिव्हरी शुक्रवारी ठरली होती. बुधवारी संध्याकाळी शोरूममधल्या विक्री विभागाच्या मुलाचा फोन आला. आवाज हळू होता. "सर, उद्या सकाळी पासिंगचे कागद ऑनलाइन जातील. त्याआधी गाडी एकदा दिवसाच्या उजेडात बघून घ्या. माझं नाव घेऊ नका."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी नवी गाडी पासिंगसाठी पेठ रोडला आरटीओत न्यावी लागायची. आता पूर्ण बांधणीच्या खासगी गाडीला ते लागत नाही. शोरूमच कागद भरतं, नंबर पडतो, पाटी बसते, मग गाडी आपल्या हाती येते. ही सोय चांगलीच आहे. पण एकदा आपल्या नावावर नंबर पडला की गाडी कागदोपत्री आपली होते आणि परत करायची म्हटली तर ती नवी राहत नाही. म्हणून गाडी बघायची ती नंबर पडण्याआधी. हे आम्हाला त्या फोनमुळे कळलं.

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही यार्डात पोचलो. डायलिसिसचा दिवस नव्हता, म्हणून अब्बाही हट्टाने आले. गाडी धुऊन-पुसून उभी होती. आम्हाला तर काहीच दिसलं नाही. पांढरी, चकचकीत, सीटवर प्लास्टिक. अब्बा मात्र डाव्या बाजूला मागे गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि पत्र्याच्या सरळ रेषेत नजर लावली. मग तळहात फिरवला. मागच्या दारावरून हात सरकत चाकाच्या वरच्या पत्र्यावर आला आणि थांबला.

"इधर पुट्टी है," अब्बा म्हणाले.

आम्ही मॅनेजरकडे पाहिलं. त्याने आधी नाही म्हटलं. मग अब्बांनी दाराच्या रबरी बीडिंगची कड उचलून दाखवली. आत पांढऱ्या रंगाचा फवारा बसला होता. कारखान्यात बीडिंग रंगानंतर बसतं, त्यावर रंग येईलच कसा? मॅनेजर खुर्ची मागवून म्हणाला, "चाचा, तुम्ही बसा तरी."

झालं होतं ते असं. यार्डात गाडी मागे घेताना ड्रायव्हरने ती लोखंडी खांबाला घासली. दाराला लांब चरा पडला आणि चाकावरचा पत्रा बोटभर आत गेला. त्यांच्याच वर्कशॉपने दोन दिवसांत दुरुस्ती केली होती. मॅनेजरचं म्हणणं, इंजिनाला काही नाही, चेसिसला काही नाही, वॉरंटी पूर्ण आहे. वर ३० हजार रुपये सूट आणि सीट कव्हर फुकट. दुसरी गाडी हवी तर किमान दोन महिने थांबावं लागेल. "अकरापर्यंत सांगा, फाइल थांबवून ठेवलीय."

आमच्याकडे दोन तास होते. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला.

धाकट्याचं म्हणणं, घेऊन टाकू. दोन महिने म्हणजे रिक्षाच्या सोळा-सतरा फेऱ्या, त्याही जाऊन-येऊन. तीस हजार वाचतात. उद्या आपणच कुठे घासली तर? थोरल्याचं म्हणणं, पैसे नवीचे दिलेत, मग नवीच मिळायला हवी. आपा फोनवर होती. तिने एकच विचारलं, "फोन आला नसता तर त्यांनी सांगितलं असतं का?" यावर कुणी बोललं नाही.

अब्बांनी आधी कारागिराच्या भाषेत समजावलं. दार बोल्टचं असतं, बदलता येतं. पण चाकावरचा तो मागचा पत्रा बॉडीला वेल्डिंगने जोडलेला असतो. तो बदलायचा तर कापावा लागतो, म्हणून पुट्टी भरून वेळ मारून नेतात. कारखान्यात उघड्या सांगाड्यावर रंग चढतो आणि १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. तयार गाडीत रबर, वायरी, प्लास्टिक असतं. तिला एवढी आच देता येत नाही, ६० ते ८० अंशांवरच भागवावं लागतं. चांगल्या हाताने केलेला रंगही वर्षानुवर्षं टिकतो, पण तो कारखान्याचा रंग नव्हे.

मग अब्बा गप्प झाले. चहा तसाच होता. थोड्या वेळाने म्हणाले, "रंग का क्या है, रंग तो मैं भी चढाता था."

ते पुढे जे बोलले ते आम्ही कधी ऐकलं नव्हतं. नव्वदच्या दशकात एका शोरूमच्या नव्या गाड्या रात्री आमच्या शेडमध्ये यायच्या. ट्रकमधून उतरवताना घासलेल्या, वाटेत दगड लागलेल्या. सकाळपर्यंत तयार करून द्यायच्या, नेहमीपेक्षा दुप्पट मजुरी. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं का, हे अब्बांनी कधी विचारलं नाही. "मैंने काम में खोट नहीं रखी. पर मुझे मालूम था, ये नई बोल के बिकेगी." अशा किती गाड्या होत्या, असं आम्ही विचारलं नाही. आमच्या शाळेची फी त्याच वर्षांतली होती.

अकराला आम्ही मॅनेजरकडे एक दिवस मागितला. पैसे भरलेले असल्यामुळे त्यानेही फार ताणलं नाही.

संध्याकाळी मगरिबनंतर मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी मदिनेच्या बाजारातली ती ऐकलेली हकिकत पुन्हा सांगितली. धान्याच्या राशीत हुजूरांनी हात घातला तर आत ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचं कारण सांगितलं. त्यावर विचारणा झाली की भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. पावसाबद्दल त्या व्यापाऱ्याला बोल लागला नाही, झाकण्याबद्दल लागला. मौलवीसाहेबांनी हनफी फिकहचा कायदाही सांगितला. 'हिदाया'सारख्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात तो आहे. मालात ऐब निघाला तर घेणाऱ्याला पूर्ण किमतीत ठेवण्याचा किंवा परत करण्याचा हक्क आहे. माल ठेवून वर भरपाई मागण्याचा हक्क नाही. हां, दोघांनी राजीखुशीने सूट ठरवली तर जायज आहे. "पण मग लक्षात ठेवा," ते म्हणाले, "उद्या तुम्ही ती विकाल तेव्हा तुम्हालाही सांगावं लागेल."

रात्री आम्ही देशाचा कायदाही चाळला. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे माल तपासण्याची वाजवी संधी मिळाल्याशिवाय तो स्वीकारला असं मानलं जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून दाखवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा आयोगात पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये. पण फी कमी असली तरी वेळ कमी लागत नाही. गोव्यातल्या एका गिऱ्हाइकाने २०११ साली त्या वर्षीच्या गाडीचे पैसे भरले आणि समोर आली २००९ सालची, ६२२ किलोमीटर धावलेली, खालून गंजलेली. ते भांडण सर्वोच्च न्यायालयात मिटलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. न्यायालयाने बनवणाऱ्या कंपनीला मोकळं केलं, विकणाऱ्या डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली.

अमेरिकेतली एक गोष्ट तर थेट आमचीच वाटली. अलाबामातल्या एका डॉक्टराने १९९० मध्ये नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाड्या चकाकवणाऱ्या एका कारागिराने त्याला सांगितलं की हिला पुन्हा रंग दिलाय. समुद्रप्रवासात आम्लाच्या पावसाने रंग बिघडला असावा, असं निघालं. तिथेही पाऊसच! दुरुस्तीचा खर्च होता ६०१ डॉलर. तीन टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती गिऱ्हाइकाला सांगायची नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. ज्यूरीने चाळीस लाख डॉलरचा दंड ठोकला. तो आधी निम्मा झाला, १९९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला आणि शेवटी उरले पन्नास हजार. आमच्या गाडीचे तीन टक्के म्हणजे २८ हजार २००. आम्हाला सूट मिळत होती तीस हजार. म्हणजे तिथल्या हिशेबाने आम्ही फायद्यातच होतो.

शुक्रवारी सकाळी अम्मीने विषय संपवला. ती अब्बांना म्हणाली, "अजी, तुम उस गाडी में बैठ के रोज वो पत्रा ही देखते रहोगे." अब्बा हसले. पण आम्हाला कळलं की ते खरं आहे.

आम्ही गाडी नाकारली. पत्र लिहून दिलं आणि पोच घेतली. त्यात चेसिस नंबर लिहिला, दोष लिहिला आणि दुसरी गाडी किंवा पूर्ण रक्कम मागितली. त्या मुलाचं नाव कुठेही आलं नाही. दोष अब्बांनी हाताने शोधला असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. अब्बांच्या सांगण्यावरून दोन वाक्यं वाढवली. यार्डातल्या ड्रायव्हरचा पगार कापू नये, आणि ही गाडी दुसऱ्याला दिली तर दुरुस्ती सांगून द्यावी. मॅनेजर पहिलं वाक्य वाचून म्हणाला, "बघतो." दुसऱ्यावर काही बोलला नाही.

सात आठवड्यांनी दुसरी गाडी आली. ते सात आठवडे सोपे गेले नाहीत. एकदा रिक्षात अब्बांना चक्कर आली, तेव्हा धाकटा आमच्यावर चिडला आणि आम्हाला उत्तर सुचलं नाही. नव्या गाडीभोवती अब्बा तासभर फिरले, मगच त्यांनी मान हलवली. आज त्याच गाडीने आम्ही त्यांना नेतो-आणतो. खड्डे तेच आहेत, पण आता ते डोळे मिटत नाहीत, रस्ता बघतात.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या पहिल्या गाडीचा चेसिस नंबर धाकट्याच्या मोबाइलमध्ये अजून आहे. अब्बांनीच पुसू दिला नाही. ती कुणाला गेली, सांगून गेली का, हे विचारायला आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा सांगण्यात आलं की ती माहिती देता येत नाही. तो मुलगाही आता तिथे नाही.

द्वारकेच्या सिग्नलला पांढरी, त्याच मॉडेलची गाडी शेजारी थांबली की अब्बा काच खाली करतात आणि तिच्या मागच्या डाव्या चाकावर नजर लावतात. आम्हीही बघतो. सिग्नल सुटतो. मागचे हॉर्न वाजवतात. आम्हाला पुढे निघावं लागतं.