दूध तापेपर्यंत

सकाळच्या घाईत फेसाळ कॉफीला वेळ कुठून आणायचा, असं विचारणाऱ्याला उलट विचारावं, दूध तापेपर्यंत तुम्ही काय करता? दोन कप दूध शेगडीवर वर यायला तीन-चार मिनिटं लागतातच. डबे भरायचे असोत, शाळेची गाडी दाराशी येऊन उभी राहणार असो, की कामावरची पाळी गाठायची असो, दूध आपल्या वेळेनेच वर येतं. ते उतू जाऊ नये म्हणून कुणीतरी शेगडीपाशी नुसतं उभं असतं. फेसाळ कॉफीला लागणारा सगळा वेळ त्या नुसत्या उभं राहण्यात पडलेला आहे. तो वेगळा काढावा लागत नाही. म्हणून ही कॉफी निवांत रविवारची, हा समज मला पटत नाही. ती धावपळीच्या वाराचीच कॉफी आहे.

कृती सांगायलाही संकोच वाटावा इतकी साधी. दोन कपांसाठी दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर आणि जेमतेम चमचाभर पाणी स्टीलच्या पेल्यात घ्यायचं आणि चमच्याने फेटायला लागायचं. सुरुवातीला मिश्रण काळपट आणि चिकट असतं, साखर बुडाशी करकरते, चमच्याचा खणखणाट घरभर ऐकू जातो. साखर विरघळत आली की करकर थांबते आणि आवाज बसका होतो. मग रंग पालटतो, काळपटाचा तपकिरी आणि तपकिरीचा बदामी. चमच्यामागे उमटलेली रेघ लगेच बुजली नाही, की काम झालं. एव्हाना दूधही वर आलेलं असतं. ते जरा उंचावरून सोडलं की बदामी थर तरंगत काठापर्यंत चढतो. पाणी जास्त पडलं, तर मात्र कितीही हात दुखवा, फेस धरत नाही. सगळी मेख त्या चमचाभर पाण्यात आहे.

असं का होतं, हे कळलं तर चुका टळतात. फिल्टरची पूड म्हणजे भाजून दळलेल्या बिया. ती कितीही फेटली तरी चिखलच होतो. इन्स्टंट कॉफी म्हणजे आधी काढलेला अर्क वाळवून केलेली पूड. ब्राझीलमध्ये साठून राहिलेल्या कॉफीचं करायचं काय, या प्रश्नातून असा अर्क टिकवण्याचे नवे प्रयोग सुरू झाले आणि 1938 साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली. या अर्कात जी प्रथिनं आणि लांब साखळीच्या शर्करा उतरलेल्या असतात, त्या हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. साखरेमुळे मिश्रण दाट होतं, त्यामुळे बुडबुड्यांमधलं पाणी लवकर खाली झिरपत नाही. 2020 च्या टाळेबंदीत कोरियातल्या एका मिठाईचं नाव घेऊन डालगोना कॉफी जगभर गाजली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांना त्यात नवल वाटलं नाही. तिथे हा फेस दुधावर ठेवत होते, आपण फेसावर दूध ओततो, एवढाच फरक.

पहिला आक्षेप असा, की कॉफी आपली नव्हेच. मराठवाड्याची सकाळ चहाची. कॉफी निघते ती पाहुण्यांसाठी, उपासाला किंवा थंडीवाऱ्यात, आणि तीही जायफळ किसून. हे खरं आहे. पण कपात पाहावं, तर कॉफी चमचाभर आणि बाकी सगळं दूध. आणि दुधाच्या बाबतीत धाराशिव जिल्ह्याला कुणी परकं म्हणू शकणार नाही. सोलापूरकडून बीडकडे जाताना येरमाळा मागे पडला की तेरखेडा लागतं. वाशी-भूमचा हा सगळा पट्टा खव्याचा. शेजारच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. साधारण पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा हाती येतो, आणि तोवर कढईतलं खुरपणं थांबवून चालत नाही. खव्यात दुधातलं पाणी काढून टाकायचं, फेसात हवा भरायची. वाटा उलट्या, पण हात न थांबवण्याची शिस्त दोन्हीकडे तीच. जिथे ही शिस्त घराघरात मुरलेली आहे, तिथे फेटलेली कॉफी शहरातून आलेली उपरी कशी ठरेल? जायफळही सोडायचं कारण नाही. फेटतानाच चिमूटभर घातलं की ते सगळीकडे सारखं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. फेस म्हणजे हवा, आणि हवेसाठी हात कशाला दुखवायचा? हा नुसता दिखावा असता तर मीही तसंच म्हटलं असतं. पण फेसाचं झाकण कॉफीची ऊब धरून ठेवतं आणि वर साय जमू देत नाही. घाईच्या सकाळी कप ओट्यावर ठेवून माणूस दोनदा आत जातो आणि परत येतो, तेव्हा हा फायदा थोडाथोडका नसतो. शिवाय तोंडाशी पहिला येतो तो फेस, त्यामुळे तेवढीच कॉफी दाट लागते. साखरेचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. मधुमेह असलेल्यांनी बिनसाखरेची फेटली तर फेस येतो, पण लवकर बसतो. त्यांनी फेटण्याचा नाद सोडून दुधालाच फेस आणावा. त्याला ताकाची छोटी रवी पुरते, किंवा दोन पेल्यांतून वरखाली ओतणं. दक्षिणेत पेला आणि वाटीत कॉफी अशीच ओतून फेसाळतात. फक्त वरची साय आधी काढावी, कारण स्निग्धांश बुडबुडे मोडतो.

उरला यंत्राचा मुद्दा. बॅटरीवर फिरणारी छोटी रवी मिळते आणि काम चोख करते. ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी ती जरूर घ्यावी. पण वेळ वाचतो म्हणून घेणार असाल, तर वेळ वाचत नाही. दूध तितक्याच मिनिटांनी तापणार आहे. घाई आणि वेग यांतला फरक तेरखेड्याला वेगळा सांगायला नको, कारण हे फटाक्यांच्या कारखान्यांचं गाव आहे. दारू हाताळणाऱ्याला घाई परवडत नाही. तिथे वेग येतो तो क्रम ठरलेला असल्यामुळे. स्वयंपाकघरात धोका तसा नाही, पण न्याय तोच. आधी दूध ठेवायचं, मग फेटायला घ्यायचं. हा क्रम उलटा केला तरच वेळ वाया जातो. तेव्हा उद्या सकाळी शेगडी पेटवली की दुधाकडे बघत उभे राहू नका, चमचा हातात घ्या.