हरण्याची मुभा

२०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स १४ पैकी १० सामने हरली आणि थेट तळाला गेली. रोहित शर्माच्या जागी कर्णधार झालेल्या हार्दिक पांड्याची वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. नाशिकला आमच्या शाळेतली पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत त्याच्या नावाने बोटं मोडत. पण शिव्या पडल्या त्या कर्णधाराला, त्याच्या धर्माला नाही. जूनमध्ये त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक टाकून सामना जिंकून दिला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याचा जयघोष झाला. विषय संपला.

२४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने भारताला १० गडी राखून हरवलं. हरले अकरा जण. गद्दार ठरवला गेला एकटा मोहम्मद शमी. विराट कोहली त्याच्या पाठीशी जाहीरपणे उभा राहिला, हेही विसरू नये. पुढे २०२३ च्या विश्वचषकात शमीने सर्वाधिक, २४ बळी घेतले. आपण अभिमानाने सांगतो, ‘बघा, उत्तर दिलं!’

पण उत्तर द्यावं का लागावं? उद्या आमच्या वर्गातला एखादा मुलगा भारताकडून खेळला, तर त्याला हार्दिकसारखी नुसतं हरण्याचीही मुभा हवी.