सध्या ऑर्डर घेत नाही

दौंडला रेल्वे आहे, शिरूरला नाही. एक गाव भीमेच्या काठी, दुसरं घोडनदीच्या. दोन्ही पुणे जिल्ह्यातली, पण एकीकडून दुसरीकडे जायचं तर आमची वाट चौफुला आणि न्हावऱ्यावरून, रस्त्यानंच. दिवाळी सरली की या रस्त्यावर रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, पुष्कळदा मागचा दिवाही नसलेल्या. ऊसतोड आणि लग्नसराई इथे एकाच महिन्यांत येतात. त्यामुळे त्याच अंधारात स्कूटीवर पायाशी मेकअपची पेटी ठेवून, स्वेटरवरून ओढणी घट्ट आवळून, एखादी पार्लरवाली लग्नघराकडे निघालेली असते. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. त्याआधी साखरपुडा, त्याआधी देवाला जाऊन येणं आणि त्याही आधी खोपा घालून, नऊवारी नेसवून, मुंडावळ्या बांधून नवरी तयार हवी. असं मागे मागे मोजत गेलं की पार्लरवालीचा दिवस पहाटे तीनला उगवतो.

चेहरा रंगवण्याचं काम या रस्त्याला नवं नाही. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत लावणी नाचणाऱ्या बायका वर्षानुवर्षं आरशापुढे बसत आल्या आहेत. नवं आहे ते गल्लीगल्लीत दिसणारं, दाराला पडदा लावलेलं पार्लर. कुणी बचत गटाचं कर्ज काढतं, कुणी 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटातून 50,000 रुपयांच्या आतली रक्कम उचलतं. तेवढ्यात वर-खाली होणारी खुर्ची येते, मोठा आरसा येतो, वॅक्स हीटर, स्टीमर आणि खोलीचं डिपॉझिट बसवता बसवता हात आखडतो. पण दारावर पाटी लागते, आणि त्या पाटीवर बाईचं स्वतःचं नाव असतं. मला ती पाटी फार मोलाची वाटते. याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकांना विणकामापासून छापखान्यापर्यंत हरतऱ्हेची कामं शिकवली, त्याला सव्वाशे वर्षं झाली. बाईच्या हाताला धंदा हवा, हे इथल्या मातीला कुणी नव्यानं सांगायला नको.

माझ्या मावसबहिणीचं पार्लर दौंडला. नवरा राज्य राखीव पोलीस दलात. बंदोबस्त लागला की घरातला पुरुष कितीतरी दिवस बाहेर. दोन मुलं, सासूबाई, आणि माहेरी शिरूरला गुडघ्यांनी जागेवर बसवलेली आई. आईकडे जावंच लागतं, तर तिथल्या पुढच्या खोलीत एक खुर्ची टाकू, असा विचार तिनं केला आणि तो खोटा ठरला नाही. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या मुली सुट्टीच्या दिवशी रांग लावून बसायला लागल्या. दौंडला पोलीस लाइन आणि रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका होत्याच. धंदा चालत नव्हता म्हणून ती थकली नाही. तो दोन्ही गावांत एकदम चालायला लागला.

थ्रेडिंग बघणाऱ्याला हलकं वाटतं. दोऱ्याचं एक टोक दातांत, मान वाकलेली, नजर समोरच्या भुवईच्या एकेका केसावर. अशा दहा-पंधरा बायका झाल्या की मानेतून निघालेली कळ अंगठ्यापर्यंत उतरते. लग्नसराईत त्यावर रात्रीची जागरणं, पहाटेचा प्रवास, आणि नवरीच्या आईची, आत्याची, करवल्यांची ‘माझंही जरा बघा ना’ची विनवणी. फाल्गुनात तिचा उजवा हात वर होईना. तिनं मलम चोळून चैत्र काढला, वैशाख काढला. ज्येष्ठात एका दुपारी मला फोन करून म्हणाली, “ताई, मी थोडे दिवस थांबू का गं?”

ती मला विचारत होती, म्हणजे परवानगी मागत होती. ते मला सोसवलं नाही.

कारण तिच्या भोवतालचं सगळं थांबतच असतं. साखर कारखाना घ्या. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते, उन्हाळ्याच्या तोंडी गाळप संपतं, मग काही महिने धुराडं गार. त्या काळात मिलचे रोलर उतरवतात, बॉयलर साफ करतात, झिजलेलं बदलतात आणि दसऱ्याच्या सुमारास पूजा करून बॉयलर पुन्हा पेटवतात. तेव्हा ‘कारखाना बुडाला’ असं कुणी म्हणत नाही. दुरुस्तीचा काळ हंगामाच्या हिशेबातच धरलेला असतो. पाटसचा भीमा कारखाना तर काही हंगाम सलग बंद राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर दिल्यावर पुन्हा सुरू झाला. लोखंडाला जो अवकाश मिळतो, तो खांद्याला का नको?

लग्नांचंही तसंच होतं. आषाढी एकादशीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात; मधले चार महिने मुहूर्त नाहीत. 2023 साली अधिक श्रावण आला तेव्हा ते पाच झाले. नवऱ्या सजवणाऱ्या हातांना पंचांगच विसावा देत असे. आता पंचांगांत चातुर्मासातलेही गौण मुहूर्त छापलेले असतात, परदेशातून सुट्टीवर आलेल्या नवरदेवांना ते लागतात. शिवाय श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी, आश्विनात नवरात्राचे रंग. विसाव्याची जागा अशी चहूबाजूंनी भरत गेली.

आणि 2020 आठवा. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि पार्लरं बंद झाली. रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली. व्याज चढत राहिलं, पण हप्ता थांबवता आला. 28 जूनला राज्यात सलून उघडली तेव्हा केस कापणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच मुभा होती, त्वचेचं काम नाही. त्या महिन्यांत शटर खाली असलेल्या बाईला कुणी ‘जमलं नाही का गं?’ असं विचारलं नाही. सरकारनं थांबवलं तर ते संकट, आणि बाईनं स्वतःच्या अंगाचं ऐकून थांबवलं तर तिची हौस फिटली! हा न्याय मला मान्य नाही.

तिला मी म्हटलं, थांब, पण मागे काही लोंबकळत ठेवू नकोस. तिनं ते इतकं नीट केलं की मीच शिकले. लग्नसराईच्या उरलेल्या ऑर्डरी तिनं स्वतः पुऱ्या केल्या. पुढच्या हंगामासाठी ज्यांनी ॲडव्हान्स दिला होता, त्यांना घरी जाऊन पैसे परत केले आणि बरोबर दौंडमधल्याच दुसऱ्या पार्लरवालीचा नंबर दिला. त्या बाईला आधी फोन करून कोणत्या मुलीला कशाची ॲलर्जी आहे, कुणाची ट्रायल झाली आहे, हेही सांगितलं. क्रीमच्या डब्यांवर झाकण उघडल्यापासून किती महिने वापरायचं ते बारीक चित्रात छापलेलं असतं. ते बघून उघड्या डब्या टाकून दिल्या, सीलबंद ब्लीच आणि फेशियल किट दुकानदाराला परत केले. त्यानं थोडे पैसे कापले, ते सोसले. शिरूरची खुर्ची आईच्याच खोलीत राहिली. दौंडच्या गाळ्याचं भाडं मात्र मालकाशी बोलून सोडलं, कारण बंद दाराचं भाडं भरत राहणं हे तिच्या मते दुखण्यावर दुखणं. राहिला कर्जाचा हप्ता. तो काही थांबत नाही. तो नवऱ्याच्या पगारातून जातो आणि ती दरमहा वहीत स्वतःच्या नावावर मांडते.

सासूबाईंनी सुरुवातीला विचारलं, “आता लोकांना काय सांगायचं?” तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. “सांगा, सध्या ऑर्डर घेत नाही.” पुढे सासूबाई हेच वाक्य फाटकात उभ्या राहून ठसक्यात सांगायला लागल्या.

हात आता खांद्याच्या वर जातो. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती शिरूरला आईच्या बरोबरीनं करते, दोघी भिंतीला बोटं टेकवून. मंगळवारी शेजारच्या दोन मुली तिच्याकडे थ्रेडिंग शिकायला येतात. त्यातली एक मन लावून शिकते आहे, आणि पुन्हा सुरू केलं तर पहाटेच्या ऑर्डरी दोघींनी वाटून घ्यायच्या, एका दिवशी एकच लग्न घ्यायचं, असं त्यांचं बोलणं चालू आहे. दर किती लावायचा यावर अजून एकमत नाही. परवा न्हावऱ्याहून एका मुलीच्या आईचा फोन आला होता, माघातल्या लग्नासाठी. तिनं नाव आणि गाव लिहून घेतलं, ॲडव्हान्स घेतला नाही.